राणीच्या बागेतल्या खांबांची मालकी

भायखळ्याला राणीच्या बागेच्या फाटकातून रविवारची गर्दी आत शिरते ती थांबत नाही. पोरांना पेंग्विन बघायचे असतात, मोठ्यांना सावलीतली जागा धरायची असते. फाटकाजवळच एक दुमजली इमारत उभी आहे. ओळीनं गोल कमानींच्या खिडक्या, त्यांच्या मधोमध भिंतीला चिकटलेले अर्धस्तंभ, वर आडवी कंगोरेदार पट्टी, आणि सगळं इतकं मापात की डावी बाजू झाकली तरी उजवीवरून ती काढता यावी. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुढे चाललेल्या एका मुलानं तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, हे काय?" वडील चालता चालता म्हणाले, "काही नाही रे, इंग्रजांचं जुनं ऑफिस असेल."

ते ऑफिस नव्हतं. ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. पण त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. इमारतीचा चेहरा जसा वाचायला आपल्याला शिकवलंय तसा त्यांनी वाचला. खांब आणि कमानी दिसल्या की साहेब, घुमट आणि जाळी दिसली की आपलं. हा हिशेब आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की जुन्या वास्तूंवर चर्चा निघाली की त्याच्यावरच निकाल लागतो. एक बाजू म्हणते, ही गुलामीची खूण आहे, हिच्यावर पैसा कशाला. दुसरी बाजू 'हेरिटेज' म्हणून हात जोडते. दोघांनाही ती इमारत परक्याचीच वाटते. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. शैलीवरून वास्तूची मालकी ठरत नाही. ती कुणी मागितली, कुणी पैसे घातले, कुणी राबून उभी केली आणि आज तिची पन्हळ कोण साफ करतं, यावरून ठरते.

आधी शैलीबद्दल. तज्ज्ञ या इमारतीला पॅलेडियन म्हणतात. आन्द्रेआ पॅलादिओ हा सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार. प्राचीन रोमचे अवशेष मोजून त्यानं प्रमाणांचे नियम बसवले आणि पुढे इंग्रजांनी ते उचलले. अठराव्या शतकात पाँपेई आणि हर्क्युलेनियम या ज्वालामुखीनं गाडलेल्या रोमन शहरांच्या उत्खननांनी युरोपला ग्रीस-रोमचं वेडच लागलं, त्यातून नवअभिजात वास्तुकला फोफावली. संग्रहालयांना तर हा पोशाख जणू सक्तीचा झाला. बर्लिनमध्ये वास्तुकार शिंकेलनं १८३० साली खुल्या झालेल्या संग्रहालयाच्या दर्शनी भागाला अठरा आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळीसारखी वळणं असलेले, खांब एका रांगेत उभे केले, आत रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळासारखं गोल दालन बांधलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला स्मर्कनं चव्वेचाळीस खांब दिले. कलादेवतांचं घर देवळासारखं दिसावं, अशी त्यामागची समजूत. आपल्याकडे हीच लाट टाउन हॉलच्या रूपानं आली. १८३३ साली पुरी झालेली ती डोरिक, म्हणजे साध्या माथ्याच्या, खांबांची इमारत, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, तिच्या तीस पायऱ्यांवर आजही कॉलेजची मुलं डबा उघडून बसतात.

हे खांब निरागस होते असं मी म्हणणार नाही. कंपनी सरकारला असं दाखवायचं होतं की आम्ही रोमनांचे वारस आहोत, राज्य करणं आम्हालाच जमतं. उंच जोतं, लांबलचक पायऱ्या, माणूस खाली आणि दार वर. टाउन हॉलच्या पायथ्याशी उभं राहिलं की तो दबाव आजही अंगाला जाणवतो. भायखळ्याच्या संग्रहालयाचा जन्मही व्यापाराच्या गरजेतून झाला. लंडनचं १८५१चं मोठं प्रदर्शन, मग १८५५चं पॅरिसचं प्रदर्शन, त्यांसाठी हिंदुस्थानातला कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा करणं सुरू झालं आणि त्याच खटपटीतून मुंबईत एक 'आर्थिक' संग्रहालय निघालं. इथे काय पिकतं, काय विणलं जातं, हे राज्यकर्त्यांना एका छताखाली बघायला हवं होतं. हे लपवून इमारतीवर प्रेम करायला सांगणं मला पटत नाही.

पण पुढची गोष्टही लपवू नये. कोटातल्या लष्करी बराकीत ठेवलेला तो संग्रह १८५७ साली सैन्याला जागा हवी म्हणून तिथल्या अधिकाऱ्यानं बाहेर फेकला. साम्राज्याला त्या वस्तूंची किंमत तेवढीच होती. नंतर मुंबईतले इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनी उरलंसुरलं गोळा करून पुन्हा डाव मांडला, आणि त्यांच्यासोबत समितीत होते नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी. भाऊ मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. गरिबांना फुकट औषध देणारे, महारोगावर उपाय शोधणारे, आणि रोगी तपासून झाले की ताम्रपट आणि शिलालेख वाचणारे. गुप्तकाळाचा इतिहास लावण्यात ज्यांचा हात आहे तो हा माणूस. तो संग्रहालय समितीचा चिटणीस होता. शहराला स्वतःचं संग्रहालय हवं म्हणून त्यांनी शहराकडे वर्गणी मागितली आणि शहरानं ती दिली.

१८६२ साली कोनशिला बसली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, वर्गणी देणाऱ्यांचे हात सैल होते. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि पेढ्या दिवाळखोरीत गेल्या. काम अडलं. त्याच वर्षी जुलैत नाना गेले. अर्धवट भिंती तशाच राहिल्या आणि शेवटी सरकारी पैशानं काम पुरं झालं. २ मे १८७२ रोजी दार उघडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी भाऊ वारले. जुनं नाव 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट' असलं, आत आल्बर्टचा संगमरवरी पुतळा उभा असला, तरी नानांनी आणि भाऊंनी आयुष्यातली वर्षं घातलेली वास्तू मी इंग्रजांची का म्हणावी?

आता दुसऱ्या बाजूला या, दक्षिण मुंबईत, रीगल सिनेमाच्या चौकात. आपला हिशेब तिथे कसा फसतो ते बघा.

चौकाच्या एका अंगाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. कुर्ल्याचा काळा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड, विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा घुमट, जाळ्या, छज्जे, सज्जे. आत नाशिकच्या वाड्यातून विकत आणलेल्या कोरीव लाकडी कमानी. बघताक्षणी मराठी माणसाचा जीव सुखावतो. समोरच्या अंगाला सर कावसजी जहांगीर हॉल, आजची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. तिचा चेहरा सरळसरळ युरोपीय अभिजात घराण्यातला, खांब आणि गोलाई. एक आपलं, एक परकं, असंच कुणीही म्हणेल. पण दोन्ही इमारती एकाच माणसानं काढल्या. जॉर्ज विटेट, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला सरकारी वास्तुकार. हॉल १९११चा, आणि संग्रहालयाचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला तो १९०९ साली. एकाच हातानं, एकाच टेबलावर, जवळपास एकाच वेळी.

घुमट म्हणजे आपलेपणा, हे मग कसं धरायचं? 'इंडो-सारसेनिक' म्हणतात ती हिंदू-मुस्लिम वळणांची मिश्र शैली १८५७ नंतर इंग्रजांनी मोठ्या हौसेनं वाढवली. रोमन वारशाचा दावा करून झाला होता. आता आम्ही इथलेच, मुघलांच्या आणि आदिलशहांच्या गादीवर रीतसर बसलेले, असं दाखवायचं होतं. म्हणजे सत्तेचा हेतू शोधायचाच तर तो गोल घुमटातही सापडतो. त्या संग्रहालयाची कोनशिला तर इंग्लंडच्या युवराजानं १९०५ साली बसवली आणि नावही त्याचंच होतं. तरीही ती वास्तू आपली आहे, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. मुंबईच्या नागरिकांनी तिच्यासाठी निधी उभा केला, इथल्या पाथरवटांनी ती घडवली आणि शंभर वर्षं शाळेच्या सहली तिच्या जिन्यांवरून चढल्या-उतरल्या. मग हाच न्याय भायखळ्याच्या अर्धस्तंभांना का नाही?

नावाचंही तसंच. १९७५ साली भायखळ्याच्या संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. ते योग्यच झालं, खरं तर फार उशिरा झालं. पण नाव बदलून आपण समजलो की वास्तू आता आपली झाली, काम संपलं. पुढच्या पाव शतकात तिची जी अवस्था झाली ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवत असेल. आम्ही चिंचपोकळीचे. माझी आजी मला राणीच्या बागेत न्यायची तेव्हा आत अंधार असायचा. कपाटांच्या काचांवर धूळ आणि छताला ओलीचे नकाशे. मातीच्या बाहुल्या, मुंबईतल्या निरनिराळ्या लोकांच्या पेहरावातल्या, इतक्या धुरकट दिसायच्या की आजी पदरानं काच पुसून मला दाखवायची. "ही बघ आपल्यासारखं लुगडं नेसलीय." त्या काचेवर पदरानं पुसलेला एक गोल राहायचा, तेवढ्यातून मी आत बघायचो.

२००३ साली महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले आणि इमारत दुरुस्तीला घेतली. विकास दिलावरी यांच्यासारखा जुन्या बांधकामाची नाडी ओळखणारा वास्तुकार त्या कामावर होता. २००५ साली युनेस्कोनं आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च संवर्धन पुरस्कार या कामाला दिला आणि २००८च्या जानेवारीत दार पुन्हा उघडलं. त्यानंतर पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मी बराच वेळ दाराशीच उभा राहिलो. बाहेरून शिस्तीत, मापात, जवळजवळ अबोल वाटणारी ही वास्तू आतून केवढी नटलेली आहे! बिडाचे सडसडीत खांब दोन मजले चढत जातात, माथ्यावर पानाफुलांची नक्षी, कठड्यावर वेलबुट्टी, छतावर रंग आणि सोन्याचा मुलामा, पायाखाली विलायती मिंटनच्या रंगीत फरशा. बाहेर पॅलादिओचा संयम आणि आत व्हिक्टोरियाकाळची सगळी हौस. रोम आणि लंडन दोन्ही इथे आहेत, पण उन्हाची तिरीप खिडकीतून त्या सोन्यावर पडते तेव्हा मला गिरगावातल्या लग्नघराची आठवण होते.

या दुरुस्तीतून शिकायचं ते आपण शिकलो का, ही माझी खरी चिंता आहे. कारण मोठी दुरुस्ती एकदा होते आणि पाऊस दर वर्षी येतो.

हे खांब आणि कंगोरे मुळात भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हात जन्मले. तिथे आडवी कंगोरेदार पट्टी सावलीची रेघ ओढायला असते. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तीच पट्टी पाणी साचायची जागा होते. आपल्या कौलारू घराची वळचण पागोळ्या भिंतीपासून लांब टाकते. या इमारतींना तेवढी वळचण नसते. पाणी कंगोऱ्यावर थांबतं, बारीक भेगेत शिरतं, आत चुन्यापर्यंत जातं. कावळा पिंपळाचं फळ खाऊन तिथे बसतो. जूनमध्ये दोन पानं दिसतात, लालसर, कोवळी, अगदी गोड. दुसऱ्या पावसाळ्यात मूळ बोटाएवढं होतं आणि पाचव्या वर्षी ते दगड उचलतं. पहिल्या जूनमध्ये ते रोप एक माणूस शिडीवर चढून दोन बोटांनी उपटू शकतो. पाच वर्षांनी त्याच कामाला परांची, ठेकेदार आणि लाखांचं अंदाजपत्रक लागतं.

आणि ते काम बहुतेक वेळा सिमेंटनं होतं. एका लहान शहरातल्या जुन्या सार्वजनिक सभागृहाच्या दुरुस्तीच्या वेळी मी काही महिने रोज तिथून जात होतो. चुन्याच्या भिंतीवर ठेकेदारानं सिमेंटचा गिलावा मारला, वर चकचकीत रंग लावला, उद्घाटन झालं. चुना श्वास घेतो. आत गेलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या भिंतीला फोड आले, मिठासारखी पांढरी पूड सुटू लागली आणि एका सकाळी खांबाच्या माथ्याचं अर्धं पान खाली पडलेलं दिसलं. मी ते हातात घेतलं. बाहेर दोन बोटं सिमेंटचं कवच, आत भुसभुशीत झालेला जुना चुना, आणि त्यात अजून ओळखू येणारी त्या अनाम गवंड्याच्या थापीची वळणं. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "घाणीत दळलेला चुना आहे हा. महिना महिना भिजवायचे आमचे वडील. आता कोण थांबतंय?"

दोष त्या ठेकेदाराचा एकट्याचा नाही. आपली निविदेची पद्धत सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम देते, आणि चुना मळणारा गवंडी कधीच सगळ्यात स्वस्त नसतो. डांबरी रस्त्याला जो नियम लावतो तोच दीडशे वर्षांच्या कंगोऱ्याला लावला तर कंगोरा जाणारच. मुंबईनं १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली केली, ती देशात पहिली होती, याचा मला अभिमान आहे. पण ती नियमावली पाडकाम अडवते. पन्हळ साफ करायला माणूस पाठवत नाही. २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मुंबई आली तीही 'व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको' या नावानं. ओव्हल मैदानाभोवतीच्या त्या वास्तूंना ते मोल मिळायलाच हवं होतं. पण या शहरातल्या अभिजात वळणाच्या इमारतींना असं एकत्र नाव नाही, आणि भायखळा तर त्या नकाशाच्याही बाहेर.

पैशाचा प्रश्न कुणी काढेल, आणि तो काढायलाच हवा. महापालिकेच्या दवाखान्यात औषध नाही, शाळेच्या छपरातून पाणी गळतं, तिथे खांबांवर सोनं कशाला? मी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलो, हा प्रश्न मला परका नाही. पण गळणारं छप्पर आणि तुटलेला कंगोरा यांचं मूळ एकच आहे. दोन्हीकडे रोजच्या देखभालीला पैसा नसतो आणि पडझड झाल्यावर मोठ्या कामाला असतो. जी महापालिका वास्तूची पन्हळ वेळेवर साफ करायला शिकेल ती शाळेचीही करेल. शिवाय हे संग्रहालय उभं आहे ते गिरणगावाच्या उंबऱ्यावर. लालबाग, परळ, चिंचपोकळी, माझगाव इथल्या कामगारांना रविवारी पोराबाळांसह जाता येईल अशी जी दोनचार ठिकाणं होती त्यांतलं हे एक. गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, चाळींचे टॉवर झाले. सोनेरी छताखाली फुकटच्या भावात उभं राहता यावं अशी जागा त्या माणसांना उरली आहे ती हीच.

दिल्लीत नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या इंग्रज वास्तुकार हर्बर्ट बेकरच्या इमारतींमध्ये राष्ट्रीय संग्रहालय नेण्याचं जाहीर झालं आहे. ज्या खांबांमागून साम्राज्याचा कारभार चालला तिथे आपल्या पाच हजार वर्षांच्या वस्तू मांडल्या जातील. मला यात अपमान दिसत नाही. मालकी घेण्याची ही एक रीतच आहे. मात्र फलक बदलला आणि फीत कापली की मालकी पुरी झाली असं तिथेही समजू नये. भायखळ्यानं १९७५ नंतर तेच भोगलंय.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा, बेटाला पोर्तुगिजांनी एलिफंटा नाव दिलं ते त्याच्यावरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून टाकले आणि १९१४ साली पुन्हा जोडले. जवळून पाहिलं तर सांधे दिसतात. आणि मागच्या बाजूला स्वातंत्र्यानंतर शहरातून हलवलेले लाटसाहेबांचे पुतळे आहेत. काळा घोडाही, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १९६५ साली राणीच्या बागेतच आला. फोडलेलं, हलवलेलं, जोडलेलं, नाव बदललेलं असं सगळं या एका आवारात आहे. त्यामुळे इथे येणाऱ्या मुलाला कमानी कुणाच्या हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. इमारतीची गोष्ट दारातच, मराठीत, मोठ्या अक्षरांत, नानांच्या आणि भाऊंच्या नावांनिशी, १८५७च्या बराकीपासून १८६५च्या बुडीत बाजारापर्यंत सांगितली, तर पेंग्विनकडे निघालेले ते वडील थांबले असते असं मला अजून वाटतं.

२ मे हा या वास्तूचा वाढदिवस. पावसाळ्याला तेव्हा साधारण महिना बाकी असतो. माझी मागणी एवढीच आहे की महापालिकेनं आपल्या अर्थसंकल्पात या आणि अशा वास्तूंच्या वार्षिक देखभालीचं वेगळं, न वळवता येणारं खातं काढावं, चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांची कायमची तुकडी पगारावर ठेवावी, आणि दर २ मे रोजी तिचा तपासणी अहवाल लोकांसमोर मांडावा. कुठे ओल आहे, कुठे भेग आहे, कुठल्या कंगोऱ्यावर पिंपळ उगवलाय. त्या दिवशी भाषण नको. शिडी लावा, वर चढा, पन्हळीतला पाला काढा, आणि खाली उभ्या असलेल्या पोरांना तो बघू द्या.